गोड खात नाही तरी एचबीएवनसी ६.१, मग साखर येते कुठून?

तळ्याकाठी | १० जानेवारी, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. वय ४१, ठाण्यात राहते, वजन ५२ किलो, उंची पाच फूट एक. मला बघून कुणी जाड म्हणणार नाही, सासूबाई तर अजून "जरा खात जा गं" म्हणून मागे लागतात. तर ऑफिसच्या तपासणीत एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ६.१ आलंय, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) २३८, आणि सोनोग्राफीत ग्रेड वन फॅटी लिव्हर. दारूचा थेंब नाही आयुष्यात. डॉक्टरांनी विचारलं गोड किती खाता, मी म्हटलं खातच नाही हो, मिठाई आवडतच नाही मला, आणि हे मी अगदी मनापासून सांगितलं.

घरी आल्यावर डोक्यातून जाईना. आमच्याकडे केकसाठी घेतलेला छोटा डिजिटल काटा आहे तो ओट्यावर ठेवला आणि एक अख्खा दिवस जे जे तोंडात गेलं त्यातली साखर लिहून काढली. आमच्या डब्यातला चमचा शिगोशीग भरला की ६ ग्रॅम भरतो, कपाला दोन चमचे, दिवसाला तीन कप, झाले ३६. चहाबरोबर चार मारी बिस्किटं, त्याचे साधारण ५. दुपारी ऑफिसात ते आंब्याचं पॅकमधलं पेय, २०० मिली, लेबलवर १०० मिलीला १३ ग्रॅम लिहिलंय म्हणजे २६. संध्याकाळी मुलांसाठी कटलेट केले त्याबरोबर दोन मोठे चमचे केचप, ते ८. बेरीज ७५ ग्रॅम. तेवढी साखर मोजून वाटीत ओतली तर अर्ध्या वाटीच्या वर गेली आणि मी खुर्चीवर बसूनच राहिले थोडा वेळ.

मुलं १२ आणि ७ वर्षांची आहेत, तीही हेच खातात, वर दुधात चॉकलेट पावडर. चार दिवसांवर संक्रांत आलीये. मला कळत नाहीये की आधी काय थांबवू. साखरेऐवजी गूळ चालतो का? त्या शुगर फ्री गोळ्या घ्याव्यात का? आणि बारीक माणसाला फॅटी लिव्हर होतंच कसं?

रातपाळी | १० जानेवारी, रात्री ११:५५

ताई, आधी घाबरू नका. मी नाशिकला फिजिशियन आहे, इथे कुणाला औषध सांगत नाही, पण समजावून सांगू शकतो. ५.७ ते ६.४ म्हणजे प्रीडायबेटिस, ६.५ पासून पुढे मधुमेह. तुम्ही उंबरठ्यावर आहात आणि इथून मागे फिरता येतं, माझ्या ओपीडीत फिरलेली माणसं दर महिन्याला बघतो.

बारीक माणसाला कसं काय, याचं उत्तर आपल्या पुण्यातच आहे. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. युडकिन यांचा एक फोटो २००४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता, दोघंही सडपातळ, दोघांचाही बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) २२.३, पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन ९.१ टक्के आणि याज्ञिक २१.२ टक्के. आपलं शरीर असंच आहे, स्नायू कमी, चरबी जास्त, आणि ती पोटाच्या आत दडलेली. याज्ञिकांच्या टीमने पुण्याजवळच्या खेड्यांत नवजात बाळांचीही मापं घेतली, तिथली बाळं सरासरी २.७ किलोची आणि इंग्लंडमधली ३.५ ची, वजन एवढं कमी असूनही चरबी मात्र त्यांनी राखून ठेवलेली. म्हणून आपल्याकडे वजनकाट्यावर विसंबून चालत नाही, कमरेचा घेर बघायचा, बायकांना ८० सेंमीच्या आत.

आता साखर. साखरेचा रेणू म्हणजे अर्धा ग्लुकोज आणि अर्धा फ्रुक्टोज. ग्लुकोज सगळं शरीर वापरतं, पण फ्रुक्टोजचा निकाल मुख्यतः लिव्हरला लावावा लागतो. थोडं थोडं आलं तर ते सहज जमतं, पण २६ ग्रॅम साखर पाच मिनिटांत पेयातून आली की लिव्हर तिची चरबी करायला लागतं, ती काही तिथेच साठते (तुमची ग्रेड वन) आणि काही रक्तात येते (तुमचं २३८). लिव्हरमध्ये चरबी साठली की इन्सुलिनचं ऐकणं कमी होतं, मग एचबीएवनसी चढतं. तुमचे तिन्ही रिपोर्ट एकाच गोष्टीचे तीन भाग आहेत. फळात पण फ्रुक्टोज असतं पण ते चावून, चोथ्यासकट, हळूहळू जातं, दोन संत्री खाताना पोट भरतं, चार संत्र्यांचा रस पिताना भरत नाही.

आधी थांबवायचं ते पेय. बाकी सगळं नंतर.

माईची_खोली | ११ जानेवारी, सकाळी ६:२०

बाळा तळ्याकाठी, मी ६७ वर्षांची, अठरा वर्षं झाली मधुमेहाला. मला कुणी असं वेळेवर सांगितलं नाही म्हणून लिहिते. आमच्या घरी पाहुणा आला की चहा, तो गेला की दुसरा आला की परत चहा, नाही म्हटलं तर अपमान. दिवसाला आठ-नऊ कप व्हायचे आणि प्रत्येकात दोन चमचे. पण जेवणात गोड नसलं की आम्ही म्हणायचो आज गोड काही केलं नाही. डाव्या डोळ्याला लेसर झालंय माझ्या, पायाला मुंग्या येतात. तू आत्ता कळून घेतलंस हे फार चांगलं केलंस.

एक सांगते, चहातली साखर एकदम बंद करू नकोस, जमत नाही, चार दिवसांनी माणूस परत दोन चमच्यांवर येतो. मी आठवड्याला पाव चमचा कमी केली. महिन्या-दीड महिन्यात जीभ बदलते, आता मला दुसऱ्यांच्या घरचा चहा पाकासारखा लागतो.

रोखठोक | ११ जानेवारी, सकाळी ९:०५

सगळे साखरेच्याच मागे का लागलेत कळत नाही. माझे आजोबा बारा महिने गूळ-पोळी खायचे, जेवल्यावर गुळाचा खडा, ९१ वर्षं जगले, कधी गोळी घेतली नाही. आणि भात, पोळी, पोहे, साबुदाणा याचं काय? त्याची पण साखरच होते ना रक्तात? एका पदार्थाला खलनायक करायचं आणि बाकी ताट तसंच ठेवायचं हे मला पटत नाही.

रातपाळी | ११ जानेवारी, दुपारी २:१५

रोखठोक, ताटाबद्दलचा तुमचा मुद्दा शंभर टक्के बरोबर आहे. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) इंडिॲब या मधुमेहाच्या पाहणीत आपल्या रोजच्या ऊर्जेतला साधारण ६२ टक्के भाग पिठूळ पदार्थांतून येतो असं दिसलं, प्रथिनं फारच कमी. याच पाहणीचे आकडे २०२३ साली आले तेव्हा देशात १० कोटींवर मधुमेही आणि १३ कोटींवर प्रीडायबेटिसवाले निघाले. एकट्या साखरेने हे झालं असं कुणीच म्हणत नाही. पण भात निदान जेवण म्हणून खातो आपण, बरोबर वरण, भाजी असते. पेयातली साखर जेवणाच्या वर जाते, तिने भूक कमी होत नाही, चार घास कमी जेवलं जात नाही. म्हणून तिथून सुरुवात करायची, कारण तिथे सोडायला काहीच नाही, पोषण म्हणून काही मिळतच नव्हतं.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये हद्द घालून दिलीये, दिवसाच्या ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत, शक्यतो ५ टक्क्यांच्या. २००० कॅलरीवाल्या माणसाला १० टक्के म्हणजे ५० ग्रॅम आणि ५ टक्के म्हणजे २५ ग्रॅम. यात मध, काकवी, फळांचा रस सगळं धरतात, अख्खं फळ आणि दुधातली साखर धरत नाहीत. ताई, तुमचे ७५ होते.

उसाचा_फड | ११ जानेवारी, रात्री ९:३०

मी कोल्हापूरकडचा, घरचा ऊस आहे, चुलत्यांचं गुऱ्हाळ होतं २०११ पर्यंत. गुळाबद्दल विचारलंय म्हणून लिहितोय.

गूळ म्हणजे काय तर उसाचा रस काहिलीत आटवायचा, भेंडीच्या झाडाचा चिकट रस घालून वर येणारी मळी काढत राहायची, पाक झाला की वाफ्यात ओतून घोटायचा आणि साच्यात भरायचा. यात साखर कुठं जाणार, रसातली सगळी गुळातच राहते. थोडी खनिजं राहतात, चव राहते, वास राहतो, म्हणून आम्हाला गूळ आवडतो. पण औषध म्हणून खाऊ नका हो. आमच्या भावकीत एक काका "मी साखर सोडली" म्हणून गुळाचा चहा प्यायचे, कपाला लिंबाएवढा खडा, त्यांची शुगर कमी झालीच नाही. आणि तो पिवळाधमक गूळ बाजारात दिसतो तो हायड्रॉस पावडर टाकून उजळलेला असतो बऱ्याचदा, चॉकलेटी काळपट असतो तो घ्या.

रोखठोक भाऊ, तुमचे आजोबा गूळ खायचे तसे माझे पण खायचे, पण माझे आजोबा पहाटे चारला मोटेवर असायचे आणि दिवस मावळेपर्यंत रानात. मी त्यांच्याच रानात मोबाईलवरून मोटर चालू करतो. खडा तेवढाच राहिला, राबणं गेलं.

अजून एक मनातलं सांगतो. असे धागे निघाले की आमच्यातले काहीजण म्हणतात तुम्ही साखर सोडली तर आमचं काय. ते दुखणं खरं आहे, लोणीला सहकारी कारखाना उभा राहिला १९५० साली तेव्हापासून आमच्या जिल्ह्यांच्या शाळा, दवाखाने, रस्ते सगळं ह्या उसावर उभं आहे. पण घरातल्या किलोभर साखरेवर कारखाना चालत नाही, पोत्यांचा मोठा वाटा शीतपेय, बिस्किट, मिठाईवाल्यांकडे जातो, आणि आता इथेनॉल पण आहे. माझ्या पोरीला दहाव्या वर्षी दात काढायला न्यावं लागलं, तेव्हा मी पण पेयाच्या बाटल्या बंद केल्या घरात. ऊस पिकवतो म्हणून पोराबाळांच्या तब्येतीकडं डोळेझाक करू काय.

रोखठोक | ११ जानेवारी, रात्री १०:०२

फड दादा, राबण्याचा मुद्दा मान्य. मनापासून.

दंतमंजन | १२ जानेवारी, सकाळी ११:२०

दाताची डॉक्टर आहे, साताऱ्यात प्रॅक्टिस. दातांसाठी किती साखर खाल्ली यापेक्षा किती वेळा खाल्ली आणि किती चिकट होती हे जास्त महत्त्वाचं आहे. हे कळलं कसं ती गोष्ट चांगली नाही, स्वीडनमध्ये व्हिपेहोम नावाच्या संस्थेत १९४० च्या दशकात मतिमंद रुग्णांना मुद्दाम चिकट टॉफ्या देऊन दात किडतात का ते बघितलं, त्यांची संमती कुणी घेतली नव्हती. आज असा प्रयोग कुणी करू देणार नाही. पण त्यातून एवढं नक्की कळलं की जेवणाबरोबर खाल्लेल्या गोडापेक्षा मधल्या वेळेत सारखं चघळलेलं चिकट गोड कितीतरी जास्त दात किडवतं. तोंडातले जंतू साखर खाऊन ॲसिड करतात, ते उतरायला अर्धा-पाऊण तास लागतो, आणि तेवढ्यात दुसरा घोट आला की घड्याळ परत पहिल्यापासून.

आई मंडळींना कळकळीची विनंती, बाळ झोपताना साखर घातलेल्या दुधाची बाटली तोंडात देऊ नका. वरचे पुढचे चार दात काळे होऊन आलेली दोन-अडीच वर्षांची मुलं दर आठवड्याला येतात माझ्याकडे, भूल द्यायची वेळ येते. दोन वर्षांच्या आतल्या बाळाला वरून साखर द्यायचीच नसते, आणि मधही एक वर्षाच्या आत अजिबात नाही.

तिळगूळ खुशाल द्या, जेवल्यावर द्या, वर पाणी प्यायला लावा. दिवसभर खिशात हलवा ठेवून एकेक दाणा खाणं तेवढं नको.

थेम्सकाठचा | १२ जानेवारी, रात्री ११:१०

दोन वर्षांच्या आतल्या बाळांचा विषय निघालाय म्हणून. मी इंग्लंडमध्ये रेडिंगला असतो, इथे दुसऱ्या महायुद्धापासून साखर रेशनवर होती ती सप्टेंबर १९५३ ला सुटली, आणि सुटल्याबरोबर लोकांचं साखर खाणं जवळजवळ दुप्पट झालं. मग संशोधकांनी काय केलं, रेशन सुटायच्या आधी आणि नंतर जन्मलेली माणसं, जी आता सत्तरीत आहेत, त्यांच्या तब्येती ताडून बघितल्या. २०२४ मध्ये सायन्स नावाच्या नियतकालिकात आलंय ते. गर्भात आणि पहिल्या दोन वर्षांत रेशनची साखर मिळालेल्यांना टाइप टू मधुमेहाचा धोका साधारण ३५ टक्के कमी आणि ब्लडप्रेशरचा २० टक्के कमी. पहिल्या हजार दिवसांचा परिणाम साठ वर्षांनी दिसतो. माझी मुलगी तेव्हा सहा महिन्यांची होती, वरचं अन्न सुरू करायचं होतं, हे वाचून नाचणीच्या पेजेत खजूर पावडर घालायची तीही सोडली.

इथे २०१८ पासून साखरेच्या पेयांवर वेगळा कर आहे, १०० मिलीला ५ ग्रॅमच्या आत साखर असेल तर कर नाही. लोकांनी पिणं सोडायची वाट बघावी लागली नाही, कंपन्यांनीच साखर उतरवली.

रोखठोक | १३ जानेवारी, सकाळी ८:४५

आपल्याकडे कराचं उलटं झालंय मग. २२ सप्टेंबर २०२५ च्या जीएसटी बदलात फसफसणाऱ्या गोड पेयांवर ४० टक्के लागला ते ठीक, पण बिस्किटं, चॉकलेट, आइस्क्रीम १८ वरून ५ वर आणलं, आणि फळांच्या रसाची बिनफसफसणारी पेयं १२ वरून ५ वर. म्हणजे ताई पितात ते १३ ग्रॅमवालं आंब्याचं पेय स्वस्त झालं. कर साखरेच्या ग्रॅमवर लावायला हवा होता, बुडबुड्यांवर नाही. यावर मी खरंच चिडलोय.

खडूफळा | १३ जानेवारी, सायंकाळी ७:१५

मी प्राथमिक शिक्षिका. मे २०२५ मध्ये सीबीएसईने त्यांच्या शाळांना साखर फलक लावायला सांगितलं, कशात किती साखर ते मुलांना रोज दिसावं म्हणून. आमची शाळा स्टेट बोर्डाची, आम्हाला कुणी सांगितलेलं नाही, पण चौथीच्या वर्गात मी केलं. मुलांना घरून रिकामी पाकिटं आणायला सांगितली, लेबल वाचायला लावलं, आणि तराजूवर तेवढी साखर मोजून पारदर्शक पिशवीत भरून पाकिटाशेजारी टाचली. गणिताचा तास होता, ग्रॅम, गुणाकार, टक्केवारी सगळं त्यातच झालं. तुम्ही म्हणता ती चॉकलेट पावडर होती एकाकडे, १०० ग्रॅममध्ये तिसरा हिस्सा साखर. एक मुलगी गप्पच झाली, म्हणाली बाई हे तर आई मला ताकद यावी म्हणून देते. मला फार वाईट वाटलं, कारण ती आई खरंच पोटाला चिमटा काढून तो डबा आणत असणार. एप्रिल २०२४ मध्ये केंद्र सरकारने ऑनलाइन दुकानांना अशी पेयं "हेल्थ ड्रिंक" म्हणून विकू नका सांगितलं, पण ते त्या आईपर्यंत पोचलंच नाही.

वाढदिवसाला आमच्या वर्गात आता चॉकलेट नाही, पेन्सिल किंवा पेरू. पालकांनीच ठरवलं.

लेबलवर "टोटल शुगर्स" आणि "ॲडेड शुगर्स" अशा दोन ओळी असतात, दुसरी बघा. आणि घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते, साखर पहिल्या तिनात असेल तर पाकीट परत ठेवा. नावं बदलून येते ती, इन्व्हर्ट सिरप, ग्लुकोज सिरप, डेक्स्ट्रोज.

जिमचा_डबा | १३ जानेवारी, रात्री ९:५०

शुगर फ्री गोळ्यांचं कुणी बोललंच नाही. मी डाएट कोला पितो रोज, चालेल ना?

रातपाळी | १३ जानेवारी, रात्री ११:३०

२०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं की वजन कमी करायला म्हणून हे कृत्रिम गोड वापरू नका, लांबच्या पल्ल्यात उपयोग दिसत नाही. ती सूचना आधीच मधुमेह असलेल्यांसाठी नव्हती, त्यांनी आपल्या डॉक्टरांशी बोलावं. माझं म्हणाल तर साध्या कोल्यापेक्षा डाएट बरा, पण जीभ तेवढीच गोड मागत राहते. माईंनी सांगितलेला पाव-पाव चमचा उतरवायचा मार्ग जास्त टिकतो.

एक महत्त्वाचं. जे इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेतात त्यांनी हा धागा वाचून उद्यापासून एकदम सगळं बंद करू नये, साखर खाली जाऊ शकते. डोस बदलून घ्या आधी. घाम, थरथर, गरगरायला लागलं तर तीन चमचे साखर पाण्यातून घ्यायची, पंधरा मिनिटांनी परत तपासायची. तिथे साखरच औषध आहे.

माईची_खोली | १४ जानेवारी, सकाळी ६:३५

माझ्या पर्समध्ये खडीसाखर असतेच नेहमी. सगळ्यांना संक्रांतीच्या शुभेच्छा, तिळगूळ घ्या, गोड बोला. मी एक वडी खाणार आहे आणि दुपारचा भात अर्धा करणार आहे.

तळ्याकाठी | २० एप्रिल, रात्री ९:०५

तीन महिन्यांनी धागा वर काढतेय. आज रिपोर्ट आले. एचबीएवनसी ५.८, ट्रायग्लिसराइड १६४, वजन फक्त एक किलो कमी.

काय केलं ते सांगते. पेय दुसऱ्या दिवशीच बंद, त्याजागी घरून ताक नेते, हिंग-जिरं घालून. चहा तीनवरून दोन कप, दोन शिगोशीग चमच्यांवरून आता एक सपाट चमचा. बिस्किटांऐवजी भाजलेले शेंगदाणे-फुटाणे. केचप बंद नाही केलं, पण बाटली टेबलावर न ठेवता एक छोटा चमचा वाढून देते, कोथिंबिरीची चटणी जास्त चालते आता. जेवल्यावर वीस मिनिटं तलावाला एक फेरी आणि आठवड्यातून तीनदा ते रबरी पट्टे ओढायचा व्यायाम, स्नायूंसाठी.

सर्वात अवघड सासूबाई होत्या. नातवंडांच्या दुधात चॉकलेट पावडर घालणं हा त्यांचा रोजचा आनंद, तो मी काढून घेतेय असं त्यांना वाटलं, आठवडाभर बोलल्या नाहीत. मग एका रविवारी खडूफळा बाईंसारखं मुलांनाच तराजूवर मोजायला बसवलं, आजीसमोर. त्यांनी पिशवीत साखर बघितली आणि उठून आत गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी दुधात वेलची आणि बदामाची पूड होती. त्या काही म्हणाल्या नाहीत, मीही नाही. पाडव्याला गुढीला गाठी बांधली, ती उतरवल्यावर मुलांना एकेक पदक तोडून दिलं त्यांनी, आणि उरलेली माळ स्वतः डब्यात ठेवली.

नवऱ्याची पण तपासणी केली या वेळी, त्याचं ५.९ आलंय. त्याला काहीच त्रास नव्हता.

रातपाळी | २० एप्रिल, रात्री १०:२५

ताई, फार बरं वाटलं वाचून. सोनोग्राफीची घाई नको, जुलैत करा, लिव्हरला उतरायला वेळ लागतो. यजमानांचं लिपिड प्रोफाइल आणि एसजीपीटी (लिव्हरची रक्ततपासणी) पण करून घ्या, कमरेचा घेर मोजा, पुरुषांना ९० च्या आत. आणि सासूबाईंची शुगर शेवटची कधी बघितली होती?

तळ्याकाठी | २० एप्रिल, रात्री १०:३१

नाही बघितलेली. उद्या सकाळी उपाशीपोटी घेऊन जाते त्यांना.